गॅरेजमधली लिफ्ट : बसवताना आणि वापरताना



आपल्या कार्यक्षेत्रात पूर्वी गावात एखादी जीप आणि चार-दोन ट्रॅक्टर असत. आता वस्तीवस्तीवर मोटारी, पिकअप आणि दुधाच्या गाड्या झाल्या आहेत. त्यांच्यामागोमाग गॅरेजेस आली आणि ती काढणारी पोरे बहुतेक आपल्याच सभासदांच्या घरची आहेत. आयटीआय करायचे, शहरात दोन-चार वर्षे कुणाच्या हाताखाली काढायची आणि गावी येऊन रस्त्याकडेला पत्र्याचे शेड टाकायचे, असा हा मार्ग आहे. शेड झाले की पहिली मोठी खरेदी होते ती गाडी उचलणाऱ्या लिफ्टची. त्यासाठी कर्ज निघते, कधी वडिलांच्या ऊसबिलातले पैसे घातले जातात. मग "साहेब, लिफ्ट कुठली घेऊ?" म्हणून विचारायला मंडळी आमच्या वाहन विभागात येतात.

कुठल्या कंपनीची घ्यावी हे आम्ही सांगत नाही. ते काम विकणारे करतातच. पण विकणारा ज्या दोन गोष्टींवर फारसे बोलत नाही त्या सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. लिफ्ट कशावर उभी राहते ही एक, आणि गाडी वर गेल्यावर ती कशाच्या आधाराने वर राहते ही दुसरी. त्या गाडीखाली आपला मुलगा दिवसाचे आठ-आठ तास उभा राहणार आहे, तेव्हा ही चौकशी आधी झालेली बरी.

आपल्याकडे जास्त खपते ती दोन खांबी लिफ्ट. दोन बाजूंना दोन लोखंडी खांब, प्रत्येक खांबात वर-खाली सरकणारा गाडा, आणि गाड्याला दोन लांब हात. हे चार हात गाडीखाली घालून गाडी उचलायची. हातांच्या टोकाला रबरी पॅड असतात. बटण दाबले की मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबतो, तेल सिलिंडरमधला दांडा ढकलते आणि गाडा वर जातो. तत्त्व तेच, जे आपल्या मिलच्या वरच्या रोलरवर दाब ठेवते आणि ट्रॅक्टरमागचा नांगर उचलते. (गाडी उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या मेंफिस गावच्या पीटर लुनाटी या मेकॅनिकने बनवली. न्हाव्याच्या दुकानातली वर-खाली होणारी खुर्ची पाहून त्याला ती सुचली असे सांगतात.)

आता ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी एक आठवून पाहावे. संध्याकाळी नांगर वर उचलून ट्रॅक्टर वस्तीवर उभा केला, इंजिन बंद केले. सकाळी बघावे तर नांगर जमिनीला टेकलेला! कुणी खाली घेतला? कुणीच नाही. सील थोडे झिजलेले असते, तेल थेंबाथेंबाने मागे सरकते आणि वजन आपल्या पायाने खाली येते. हे सावकाश होते म्हणून आपण हसून सोडून देतो. पण पाईपच फुटला तर ते सावकाश होत नाही. म्हणून तेलाचे काम फक्त उचलण्याचे. उचललेले वजन धरून ठेवण्याचे काम तेलाकडे द्यायचे नसते.

ते काम लिफ्टमध्ये लॉककडे असते. आपली पोरे त्याला खटका म्हणतात. खांबाच्या आत दर काही इंचांवर खाचा किंवा पट्ट्या असतात. गाडा वर जाताना खटका त्यांवरून टक-टक आवाज करत सरकतो. हवी ती उंची आली की बटण सोडायचे, आणि मग पुष्कळ जण विसरतात ते करायचे : लिफ्ट थोडी खाली घ्यायची, म्हणजे दोन्ही गाडे आपापल्या खटक्यावर टेकतात. आता गाडीचे वजन तेलावर नाही, लोखंडावर आहे. आता पाईप फुटला तर फरशीवर तेल सांडेल, एवढेच. घाईच्या दिवशी मुले म्हणतात, "दोन मिनिटांचंच काम आहे, कशाला टेकवायचं?" दोन मिनिटांच्या कामालाही माणूस गाडीखालीच जातो.

दोन्ही बाजूंचे खटके टेकले हे डोळ्यांनी पाहावे. एक टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला तर गाडी तिरकी होते. दोन्ही गाडे बरोबरीने चालावेत म्हणून त्यांना वायर रोपने जोडलेले असते. एका बाजूचा टक आवाज आधी आणि दुसऱ्या बाजूचा मागाहून येऊ लागला, तर रोपचा ताण कमी-जास्त झाला आहे असे समजावे आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे तो सारखा करून घ्यावा.

आता पायाकडे येऊ. आमच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत जास्त कंजुषी येथेच होते.

दोन खांबी लिफ्टचा खांब सरळ खाली दाबला जात नाही, तो आतल्या बाजूला ओढला जातो. एक साधा हिशोब करू. रिकामी पिकअप १८ क्विंटलची धरली तर एका खांबाच्या वाट्याला ९ क्विंटल आले. हे वजन खांबाच्या बुडावर नसते, हात लांब केल्यामुळे ते खांबापासून साधारण ७० सेंटिमीटर पुढे लटकते. खांबाखालची प्लेट मात्र पुढच्या कडेपासून मागच्या बोल्टापर्यंत ४० सेंटिमीटरच्या आसपास. पहारीने धोंडा उलथतो तोच हा प्रकार. ९ ला ७० ने गुणून ४० ने भागले की मागच्या बोल्टांवर पंधरा-सोळा क्विंटलची ओढ वरच्या दिशेने येते, म्हणजे साखरेची ५० किलोची तीसेक पोती एकदम टांगल्यासारखे. खांबाचे स्वतःचे वजन त्यातले थोडे सावरते. पण ही झाली पिकअप. लिफ्टवर ४ टन लिहिले आहे म्हणून कुणी तेवढे वजन उचलले तर ओढ दुपटीवर जाते. हे सगळे धरून ठेवायचे कुणी? जमिनीतल्या काँक्रीटने आणि त्यात ठोकलेल्या चार-पाच बोल्टांनी.

आणि आपली जमीन कसली, तर काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कालव्याच्या पाण्याखालच्या गावांत तर वर्षभर फुगणे-आकसणे चालू. असल्या जमिनीवर थोडा मुरूम पसरून तीन-चार इंच कोबा केला, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच तो तडकतो. घराच्या पडवीला तडा गेला तर सिमेंट भरून चालते. लिफ्टखाली गेला तर बोल्टाची पकडच गेली.

शहाबादी फरशीवर लिफ्ट बसवू नये हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण पडते. बोल्टाची अर्धी लांबी फरशीत आणि तिच्याखालच्या चुऱ्यात जाते, काँक्रीटमध्ये जाते ती उरलेली. टाइल्सचे तेच. फरशी उखडून खालचे काम नव्याने करावे.

काँक्रीट किती जाड आणि कोणत्या प्रतीचे हे लिफ्टच्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक लिफ्ट घेण्याच्या आधी मागून घ्या आणि गवंड्यापुढे ठेवा. पुस्तकातली जाडी ही चांगल्या, घट्ट जमिनीसाठी असते. काळ्या जमिनीत आमचा सल्ला असा की खांबांच्या जागी कठीण मुरूम लागेपर्यंत काळी माती काढून टाकावी. खड्डा मुरुमाने थराथराने, पाणी मारून, धुम्मसाने दाबत भरावा. त्यावर दगडी सोलिंग आणि मग सळईची जाळी घालून काँक्रीट. दोन्ही खांब एकाच अखंड स्लॅबवर आले तर उत्तम. एक खांब जुन्या कोब्यावर आणि दुसरा नव्या काँक्रीटवर, असे अजिबात करू नये, कारण दोन्ही सारखे बसत नाहीत. खांब स्लॅबच्या कडेला किंवा सांध्याजवळही घेऊ नये. तेथे बोल्ट ताणला की काँक्रीटचा कपचा निघतो.

काँक्रीट ओतल्यावर खरी परीक्षा मालकाच्या दमाची. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. आठवड्यानंतर ते वरून दगडासारखे लागते, पण त्या वेळी साधारण दोन-तृतीयांश ताकदच आलेली असते. पोती टाकून पाणी मारत राहावे आणि चार आठवडे थांबावे. कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, लिफ्ट शेडमध्ये प्लास्टिक गुंडाळून पडलेली असते, गिऱ्हाईक विचारून जाते. जीव खालीवर होतो हे आम्हालाही कळते. तरीही थांबावे.

जागा ठरवताना वरसुद्धा पाहावे. जीप सहा फुटांची आणि लिफ्ट ती सहा फूट वर नेणार, म्हणजे पत्रा आणि अँगल बारा फुटांच्या वर पाहिजेत. दहा फुटी शेडमध्ये लिफ्ट लावून मग पत्र्याला भोक पाडल्याचे आम्ही पाहिले आहे. गाड्या धुण्याची जागा आणि लिफ्टची जागा एक ठेवू नये. रोजच्या पाण्याने बोल्ट आणि वायर रोप गंजतात आणि ते लवकर दिसतही नाही.

बसवणीला कंपनीचा माणूस येतो. तो आला की मालकाने चहा सांगून बाजूला होऊ नये, शेजारी उभे राहावे. खांब ओळंब्यात आहे का, दोन्ही प्लेटा पाणसळीत आहेत का, ते स्वतः पाहावे. फरशीला उतार असेल तर प्लेटखाली लोखंडी पट्ट्यांचे पॅकिंग देतात. ते थोडे असावे. अर्ध्या इंचाच्या वर लागत असेल तर फरशीच चुकली आहे. पॅकिंगला लाकूड किंवा गुंडाळलेला पत्रा चालत नाही. अँकर बोल्टाचे भोक पुस्तकात दिलेल्याच मापाच्या ड्रिलने, सरळ पाडावे. भोकातला चुरा हवेने झाडून काढावा, कारण चुरा राहिला की बोल्टाचे पंख काँक्रीटला न पकडता भुकटीला पकडतात. मग टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावे. आवळताना एखादा बोल्ट नुसताच फिरत राहिला, तर ते काँक्रीटने दिलेले उत्तर आहे. तेथे "सिमेंटचं पाणी ओतू, बसेल" असे कुणी म्हणाले तर ऐकू नये. जागा बदलावी, नाहीतर काँक्रीट फोडून पुन्हा करावे. पहिले काही दिवस काम झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

विजेबाबत आपल्या शेतकऱ्यांना जास्त सांगायला नको. लाईनवर काम होऊन फेज अदलाबदल झाले की विहिरीवरची मोटर उलटी फिरते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. तीन फेजच्या हायड्रॉलिक लिफ्टमध्ये तसे झाले तर पंप उलटा फिरतो, लिफ्ट उचलत नाही आणि पंप खराब होतो. नुकसान पैशाचे. पण काही लिफ्ट तेलाच्या नसतात, त्यांच्या खांबात जाडजूड आट्याचा स्क्रू असतो आणि मोटर तो फिरवते. त्यात फेज उलटे झाले की वर जायचे बटण दाबले असता लिफ्ट खाली येते! शिवाय टोकाला थांबवणारा स्विचही फसतो, कारण त्याने बंद करायची ती बाजू वेगळीच असते. अशा लिफ्टला फेजचा क्रम तपासणारा रिले बसवलाच पाहिजे, आणि लाईनवर दुरुस्ती झाल्यावर पहिली चाल रिकाम्या लिफ्टवर करावी. स्क्रूच्या लिफ्टमध्ये भार घेणारी नट झिजत जाते. तिच्याजवळ दुसरी, सुरक्षेची नट असते. दोन्हींतले अंतर वेळोवेळी मोजून पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावे.

लाईट गेली आणि गाडी वरच राहिली, हा प्रसंगही नेहमीचा. तेलाच्या लिफ्टचा वाल्व्ह हाताने उघडता येतो, पण खटक्यावर टेकलेली गाडी आधी किंचित उचलल्याशिवाय खटके सुटत नाहीत. हातपंप नसेल तर लाईट येईपर्यंत गाडी वर राहू द्यावी. गिऱ्हाईक घाई करते म्हणून पहारीने खटका ठोकून काढू नये.

रोजच्या वापरात मुख्य गोष्ट म्हणजे पॅड कुठे लावायचे. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात उचलण्याच्या जागा दिलेल्या असतात. तेथेच पॅड लावावेत आणि आधी तेथला चिखल खरवडून काढावा. ओल्या चिखलावर किंवा ऑइल लागलेल्या रबरावर पॅड सरकतो. ज्या पिकअपमधून युरिया-पोटॅशची पोती वाहिली जातात तिची चासी आतून खाल्लेली असू शकते. हातोडीने हलके ठोकून आवाज पाहावा, पोकळ आला तर ती गाडी लिफ्टवर घेऊ नये. बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. त्यांची बॅटरी तळाशी पसरलेली असते, तिला पॅड लागता कामा नये.

मोकळ्या गाडीचे वजन इंजिनाच्या बाजूला जास्त, तोल साधारण ड्रायव्हरच्या सीटच्या आसपास. मागे माल असेल किंवा सीएनजीची टाकी असेल तर तोल मागे सरकतो. मालासकट गाडी उचलूच नये. चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबावे, पॅड पुन्हा पाहावेत, गाडीला बंपरकडून हलवून पाहावे. हलली, करकरली, तर खाली घेऊन पुन्हा लावावे. येथे पाच मिनिटे गेली तरी हरकत नाही. गाडी वर गेल्यावर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर तोल बदलणार हे आधीच धरून चालावे आणि जड राहणाऱ्या टोकाला उंच स्टँडचा टेकू द्यावा. गंजलेल्या बोल्टाला पान्यावर पाईप घालून हिसके मारायची आपल्या पोरांना सवय आहे. वर टांगलेल्या गाडीला असे हिसके द्यायचे नाहीत, बोल्ट तापवून किंवा ऑइल सोडून सैल करावा.

गाडी घसरते आहे असे वाटले तर हात लावून सावरायला कुणी जाऊ नये. मोकळ्या बाजूने दूर पळावे. मोटारीचे पैसे भरून देता येतात. पळायला वाट हवी म्हणून लिफ्टच्या भोवती टायर, डबे आणि उघडी टूलबॉक्स पडू देऊ नयेत.

खाली घेण्याचा दट्ट्या हाताने धरून ठेवावा लागतो तो मुद्दामच. हात काढला की लिफ्ट थांबावी अशी त्यातली योजना आहे. एका गॅरेजात तो सुतळीने बांधलेला आम्ही पाहिला, आणि पोरगा पलीकडे फोनवर बोलत होता. खटक्याची तार ओढून बांधून ठेवणे हा याच जातीचा प्रकार.

सभासद विचारतात, ट्रॅक्टर या लिफ्टवर घेता येईल का? नाही. ट्रॅक्टरला मोटारीसारखी चासी नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हेच त्याचे अंग, आणि बहुतेक वजन मागच्या चाकांवर. चार हातांत ते तोलत नाही. त्याला वजनाच्या मापाचे लोखंडी स्टँड, चाकांना गुटके आणि सपाट कठीण जागा पाहिजे. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक रचून टेकू देऊ नये, ते न सांगता एकदम फुटतात. हंगामाआधी ट्रॉल्यांची कामे निघतात तेव्हाही हेच. उलटवलेल्या ट्रॉलीच्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय वेल्डरला आत पाठवू नये. तेथेही हौदा तेलावरच उभा असतो.

जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते आणि मोह होतो. घेताना किती वजनाची हे लिहिलेली पट्टी तिच्यावर आहे का ते पाहावे. पट्टी नाही, पुस्तक नाही, तर ती घेऊ नये. हातांवर नंतरचे वेल्डिंग दिसले तरी घेऊ नये. जुने अँकर बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, आणि वायर रोपही नवेच घालावेत. रोपवर कापड फिरवले की तुटलेली तार कापडाला अडकून कळते. उघडा हात फिरवू नये.

तपासणीचे म्हणाल तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वजन उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याचे बंधन घातले होते, आणि आपल्या वर्कशॉपमध्ये ती शिस्त पडून गेली आहे. दोन-तीन माणसांच्या गॅरेजात असले काही विचारायला कुणी येत नाही. तेथे मालकानेच वहीत तारीख घालून बोल्ट, रोप, खटके, पॅड आणि तेलगळती पाहावी, आणि वर्षातून एकदा कंपनीच्या माणसाकडून सर्व तपासून सही घ्यावी.

ज्या सभासदांच्या मुलांना या बिगर हंगामात लिफ्ट बसवायची आहे त्यांनी लिफ्टचे पुस्तक घेऊन वाहन विभागात यावे. पायाचा खड्डा पाहायला आमचा माणूस येईल. मात्र काँक्रीट ओतण्याच्या आधी सांगावे. ओतल्यावर खाली काय आहे ते आम्हाला दिसत नाही.